सात दिवसांचा पास

सोनपेठ
१२ जानेवारी २०२६

शिवे,

आईचा जीव तुझ्यात गुंतलाय, एवढंच वरती लिहिते. बाकीचा आशीर्वाद समजून घे.

हे पत्र बायनाबाईच्या अंगणवाडीत बसून लिहायलेय. लेकरं खिचडी खायलेत, म्हणून घडीभर शांत हाय. उत्तर हिच्याच पत्त्यावर धाड. तिच्याजवळ फोन हाय, पण फोनवर तुझा आवाज आला की मला नुसतं रडू येतं आन बोलायचं राहून जातं. शिवाय फोन चार जणांच्या कानावर पडतो. कागदाचं तसं न्हाई.

शिवरात्रीच्या आधी आपल्या गल्लीतल्या बायका देवाला निघाल्यात. तुळजापूर, अक्कलकोट, कोल्हापूर. मी पण जाणार म्हणून सांगितलंय. नवस हाय, म्हणून तुझे सटवाजी काका हो म्हणले. पण मी तुळजापूरहून फुटणार हाय. पुण्याला येणार हाय.

तुझ्या घरी मी येणार न्हाई. तू प्रीतमसंगं लग्न केलंस त्या दिवशी तुझ्या आबांनी माझा हात आपल्या डोक्यावर ठेवला आन सगळ्या भावकीसमोर सांगितलं, ‘तिच्या घराचा उंबरा ओलांडलास तर माझं मेलेलं तोंड बघशील.’ तीन वर्षं झाली, मी पाळलं. पण बस काय कुणाचं घर न्हाई. बसला उंबरा नसतो. तू पुस्तकाच्या दुकानात कामाला जातीस ती बस कोणती, कुठून सुटती, ते लिही. सकाळी तुझ्यासंगं जाईन, संध्याकाळी तुझ्यासंगं येईन. तू तुझ्या थांब्यावर उतर, मी पुढं जाईन. तेवढं मला पुरंल.

आन एक विचारायचं हाय. एसटीचा सात दिवसांचा पास मिळतो, पाहिजे तिकडं फिरायचा. तो तिथल्या बसला चालंल का? का दुसरं तिकीट घ्यावं लागंल? सगळ्यात स्वस्त काय पडंल? आठवडाभर सकाळ-संध्याकाळ तुझ्याजवळ बसायचं हाय, असा अंदाज धरून सांग.

तुझी आई
केशरबाई

*

कात्रज, पुणे
१९ जानेवारी

आई,

आधी तुझ्या प्रश्नांची उत्तरं देते, कारण ती सोपी आहेत.

एसटीचा पास इथल्या शहराच्या बसला चालत नाही. दोन्ही लाल दिसल्या तरी कारभार वेगळा आहे. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, ते शहराच्या बसमध्ये नाही. पण इथं दिवसाचा पास मिळतो. आधार कार्ड दाखवलं की कंडक्टरच देतो. तो घेतला की दिवसभर कितीही बसा, कितीही उतरा. सकाळ-संध्याकाळ दोनच वेळा बसायचं असेल तर साधं तिकीट घे, त्याहून जास्त फिरायचं असेल तर दिवसाचा पास. आणि सोनपेठहून येताना एसटीचा सात दिवसांचा पास मुळीच काढू नकोस. तुला अर्ध्या तिकिटात येणं-जाणं होतं. पुरा पैसा भरून पास कशाला? मी कात्रजच्या थांब्यावरून नऊच्या सुमाराला शिवाजीनगरची बस धरते. झालं?

आता माझं ऐक.

मी बसमध्ये तुला भेटणार नाही. मी कुणाचा खून केलाय, कुणाच्या घरी दरोडा घातलाय, की माझ्या आईनं मला बसच्या बाकावर चोरासारखं भेटावं? परभणीच्या वक्तृत्व स्पर्धेत मी उभी राहून सांगायची की माणूस जन्मानं लहान-मोठा नसतो, तेव्हा पहिल्या रांगेत बसून टाळ्या कोण वाजवत होतं? आबा! ढाल घरी आली तेव्हा ती डोक्यावर घेऊन बाजारातून कोण चाललं होतं? आबा! मी जे बोलले ते करून दाखवलं, एवढाच माझा गुन्हा. टाळी भाषणाला आणि शपथ कृतीला, हा कुठला न्याय?

आणि उंबरा म्हणशील तर आमच्या घराला उंबराच नाही. बिल्डरनं काळ्या दगडाची एक पट्टी बसवून दिली आहे, बोटभर उंचीची. तिच्यावरून झुरळ रोज जातं-येतं. माझ्या आईलाच तेवढी ती हिमालय झाली आहे.

नवस कसला बोललीस? मी परत यावी म्हणून, की मी मेले असं आबांना एकदाचं वाटावं म्हणून?

यायचं असेल तर ताठ मानेनं ये. तिसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताचं दार. नसेल यायचं तर तुझा देव तुला लखलाभ.

शिवकन्या

*

सोनपेठ
२८ जानेवारी

शिवे,

तुझं पत्र बायनाबाईनं वाचलं आन म्हणाली, ‘वहिनी, पोरगी अजून माईकसमोरच उभी हाय.’ मी हसले. घरी जाऊन रडले.

तू शिकलेली हायस, तुझं म्हणणं खरं असंल. पण मला भांडायचं न्हाई, मला बघायचंय तुला. तू जाड झालीस का वाळलीस, केस आवरून बांधतीस का तसेच मोकळे सोडतीस, हे मला भाषणातून कळत न्हाई.

पासचं सांगते. बाकीच्या बायका अर्धं तिकीटच काढणार हायेत. कस्तुराबाई मला म्हणाली, ‘केशर, पुरा पैसा भरून पास काढतीस, तुला काय जग फिरायचंय का?’ पण तिकिटावर गावाचं नाव छापून येतं. सटवाजी भाया आल्या आल्या तिकिटं मागतेत, कुठं गेला कुठं आला बघतेत. पासवर नुसतं सात दिवस लिहिलेलं असतं. बाई कुठं गेली होती ते पास सांगत न्हाई. म्हणून मला तोच स्वस्त हाय. कस्तुराबाईला सगळं सांगितलंय. ती म्हणाली, ‘जा तू, तुझ्या नावाचा नारळ मी फोडते.’

नवसाचं विचारू नकोस.

मी ९ तारखेला सकाळी कात्रजच्या थांब्यावर उभी राहीन. तू आलीस तर आलीस. न्हाई आलीस तरी मी त्या बसमध्ये बसणार हाय. ज्या बाकावर तू कधीतरी बसली असशील त्याच्यावर तरी बसंन.

आई

*

कात्रज, पुणे
४ फेब्रुवारी

आई,

येऊ नकोस. हात जोडून सांगते. हा राग नाही. आलीस तरी मी थांब्यावर दिसणार नाही, आणि तू उन्हात उभी राहशील, आणि ते मला सहन होणार नाही. नंतर कधीतरी ये. उन्हाळा उलटू दे.

शिवकन्या

*

पुणे, स्वारगेट
९ फेब्रुवारी

शिवे,

तुझं शेवटचं पत्र मला निघायच्या आदल्या दिवशी मिळालं. राग न्हाई म्हणून लिहिलंस, पण मला त्यात रागच दिसला. तरी निघाले.

सकाळी थांब्यावर उभी होते. एकामागून एक बस गेली. दर बाईच्या तोंडाकडं बघत होते. एका पोरीचा पाठीवरचा शेपटा तुझ्यासारखा होता, तिला हाक मारली, ती दुसरीच निघाली. मग मागून कुणीतरी म्हणलं, ‘मामी.’

वळून बघितलं तर एक उंच, काळासावळा माणूस, हातात जेवणाचा डबा. म्हणाला, ‘मी प्रीतम. शिवकन्याला दुकानात लवकर जावं लागलं. डबा तिनंच दिलाय.’

तीन वर्षांत मी त्याचं नाव घेतलं न्हाई आन त्यानं पहिल्याच शब्दाला, सासूला म्हणतेत तसं, मामी म्हणलं. मी पदर डोक्यावर घेतला, दुसरं काय करावं कळंना. तो बसमध्ये माझ्यासंगं चढला पण शेजारी बसला न्हाई, दांडीला धरून उभा राहिला. कंडक्टर पोरगी होती, तुझ्याच वयाची. म्हणाली, ‘मावशी, कुठं?’

मी म्हणलं, ‘कुठंच न्हाई.’

‘कुठंच नाही ह्याचं तिकीट नसतं माझ्याकडं.’

मागून एक म्हातारा ओरडला, ‘अगं, दिवसाचा पास दे तिला! कुठंच न जाणाऱ्यांना तोच परवडतो. मी पेन्शनीत आल्यापासून तेच करतोय.’

सगळी बस हसली. जावई पण हसला. हसताना त्याचा एक दात पुढं येतो. तू मला हे कधी सांगितलं न्हाईस.

डब्यात पोळी होती, भाकर न्हाई. तू पोळी अशी जाड कधी लाटत न्हाईस. पण मी काही विचारलं न्हाई. तो कामाला उतरून गेला. लिफ्टची दुरुस्ती करतो म्हणाला. मी दिवसभर बसमध्येच बसले. कात्रजहून शिवाजीनगर, शिवाजीनगरहून कात्रज. संध्याकाळी थांब्यावर परत तोच आला. तू न्हाईस.

रात्री निजायला धर्मशाळा हाय, त्याची काळजी करू नकोस. हे पत्र त्याच्याच हाती देते. शिवे, माझ्यावर रुस, पण एकदा तोंड दाखव. पाच दिवस राहिले.

आई

*

कात्रज
९ फेब्रुवारी, रात्र

आई,

दुकानात वर्षाची पुस्तकमोजणी चालू आहे. पहाटे जावं लागतं, रात्री उशिरा सुटते. मालक ऐकत नाही. प्रीतमच्या हाती रोज डबा देईन, पत्र देईन. तू त्याच्याशी बोल. तो कमी बोलतो, पण जे बोलतो ते खरं बोलतो, आमच्यासारखं नाही.

तू आलीस. मी येऊ नको म्हटलं तरी आलीस. मला आता भाषण सुचत नाही. तू कोणतं लुगडं नेसली होतीस ते मी प्रीतमला तीनदा विचारलं. त्याला रंग सांगता येत नाहीत. ‘वांग्यासारखा’ म्हणाला.

तुझी धर्मशाळा कशी आहे? पांघरूण देतात का?

शिवकन्या

*

पुणे
१० फेब्रुवारी

शिवे,

खोटं बोलू नकोस. तू दुकानात जात न्हाईस. तू अंथरुणाला खिळलीस.

तुझ्या कालच्या पत्रात प्रत्येक ओळ सुरू होताना ठळक हाय आन पुढं पुढं शाई तुटत गेलीय. दोन ठिकाणी नुसता टोकाचा ओरखडा हाय, शाईच न्हाई. माणूस उताणं निजून, पेन वर करून लिहितं तेव्हा असं होतं. शाई खाली उतरत न्हाई.

हे मला कसं कळलं, ते आता सांगावंच लागंल. घरात असे कागद मी रोज बघते. कार्तिकात तुझ्या आबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आन वाचा गेली. तीन महिने ते उताणे पडून डाव्या हातानं काहीतरी लिहायला बघतेत, शाई अशीच तुटती, मग पेन फेकून देतेत. नवस त्यांच्यासाठी होता. आता त्यांच्यापाशी तुझी काकू हाय, बायनाबाई दोन वेळा बघून जाती.

तुला कळवलं न्हाई. तू ऐकलं असतंस तर मिळंल त्या गाडीनं निघाली असतीस. आन सटवाजी भायांनी तुला दारातून परत धाडलं असतं. बाप आत पडलेला आन लेक दाराबाहेर, हे मी डोळ्यांनी बघू शकले नसते.

मी माझं झाकलेलं उघडं केलं. आता तू कर. काय झालंय तुला?

आई

*

कात्रज
११ फेब्रुवारी

आई,

तीन महिने! तीन महिने माझा बाप मुका पडला आहे आणि मी इथं त्याच्याविरुद्ध मनातल्या मनात भाषणं करते आहे! उत्तर न देऊ शकणाऱ्या माणसावर मी रोज टीकेची झोड उठवली. तुम्ही सगळ्यांनी मिळून मला भ्याड करून सोडलंत.

ऐक. मला सातवा महिना आहे. गेल्या वर्षी एक राहिलं होतं, पाचव्या महिन्यात गेलं. तेव्हाही तुला कळवलं नाही. या वेळी पौषात अंगावरून जायला लागलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की बाळंत होईपर्यंत खाटेवरून उठायचं नाही, जिना तर नाहीच नाही. मी गेला महिनाभर खिडकीशी पडून आहे. बस आणि दुकान, सगळं खोटं होतं. ‘तिसरा मजला, ताठ मानेनं ये’ असं मी डौलात लिहिलं, कारण मला जिना उतरून येता येत नव्हतं, आणि ते सांगून तुझी दया घ्यायची नव्हती. तू दयेनं नको, हक्कानं यायला हवी होतीस. केवढी मिजास! आता ती उरली नाही.

प्रीतम कामाला जातो तेव्हा मी एकटी असते. पोटात हालचाल थांबली की घड्याळ बघत राहते. काल संध्याकाळी बराच वेळ काहीच हललं नाही. मी मोठ्यानं बोलत राहिले, पोटाशी, भिंतीशी, जी कविता आठवेल ती म्हणत राहिले. मग हललं. आई, मला भीती वाटते. हजार माणसांसमोर मला कधी भीती वाटली नाही.

आणि तू कुठं झोपतेस? काल प्रीतमला शंका आली म्हणून तो तुझ्या मागून स्वारगेटला आला. तू सोलापूरच्या एसटीत चढलीस. पहाटे परत पुण्यात उतरतेस ना? धर्मशाळा म्हणजे हीच! पास कशासाठी घेतलास ते आता मला कळलं. तिकिटावरचं गावाचं नाव हे अर्धंच कारण. तू रात्रीचं छप्पर विकत घेतलंस. अर्ध्या तिकिटाचा शहाणपणा मी तुला शिकवत होते, आणि तू झोपायला जागा शोधत होतीस. लेकीचं घर समोर असताना!

मी वाद घालत नाही. विनवते. वर ये.

शिवकन्या

*

पुणे
१२ फेब्रुवारी

शिवे,

एसटीत माझी झोप चांगली होती. काळजी करू नकोस. कंडक्टर ओळखायला लागलाय. काल म्हणाला, ‘बाई, सोलापूरला नातेवाईक हाय का?’ मी म्हणलं, ‘हाय की, स्टँडवरचा नळ.’ त्यानं मला मागचा लांब बाक दिला.

तुझं पत्र मी बसमध्ये चार वेळा वाचलं. गेलेल्या लेकराचं वाचून मला आठवलं, गेल्या वर्षी त्याच दिवसांत मी सोनपेठच्या बाजारात लसणाचा भाव करत भांडत होते. तुझं असं व्हायलं असताना मी लसणासाठी भांडत होते.

जावयानं मला तुझी खिडकी दाखवली. हिरवा पडदा. बस तुझ्या इमारतीपाशी थोडी हळू होती, तेव्हा मी खिडकीशी सरकते. कंडक्टर पोरीला मी सांगितलं की वर माझी लेक हाय. ती बिचारी तिथं ड्रायव्हरला म्हणती, ‘जरा दमानं घ्या.’ काल पडदा हलला. तूच होतीस ना?

तू म्हणतीस वर ये. शिवे, खालच्या फाटकापर्यंत मी काल आले होते. जिन्याच्या कठड्याला हात लावला आन आबांचं डोकं माझ्या तळहाताला लागलं, गरम, तसंच. परत फिरले.

शपथ ज्यानं घातली त्यानं ‘सुटली’ म्हणायचं असतं. लहानपणी तुमी पोरं खेळताना शपथा घालायचा आन संध्याकाळी एकमेकांना ‘सुटली, सुटली’ म्हणून घरी यायचा. सुटली म्हणल्याबगर कुणी जेवत नव्हतं. मी वाट बघत होते, आज ना उद्या ते सुटली म्हणतील. पंचमीला म्हणतील, दिवाळीला म्हणतील. आन कार्तिकात त्यांची जीभच गेली. आता कोण म्हणणार? ती शपथ आता त्यांची पण राहिली न्हाई, माझी पण न्हाई. नुसती लटकून राहिलीय.

मी काय करू? दोन जिवांच्या मधी उभी हाय. एक सोनपेठला खाटेवर, एक इथं खाटेवर. आन मी गोल गोल बसमध्ये.

आई

*

कात्रज
१२ फेब्रुवारी

(हे पत्र आबांसाठी. याचा फोटो बायनाबाईंच्या फोनवर पाठवते आहे. बायनाआत्या, घरात कुणीही असलं तरी मोठ्यानं वाचा.)

आबा,

आज तुम्हाला उत्तर देता येत नाही. म्हणून मी ओरडणार नाही. न बोलू शकणाऱ्यासमोर ओरडतो तो वक्ता नाही, तो दांडगा.

मी खाटेवर आहे, तुमच्यासारखीच उताणी. तुम्हाला आढं दिसत असेल, मला छत दिसतं. पेन वर धरलं की शाई तुटते, हे तुम्हालाही माहीत आहे. माझ्या पोटात तुमचं नातवंड आहे आणि ते टिकेल की नाही हे कुणी सांगू शकत नाही. आईची मला गरज आहे. आई माझ्या दारापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि वर येऊ शकत नाही, कारण तुमचा एक शब्द जिन्यात आडवा पडला आहे.

आबा, शब्दाची ताकद मला तुम्हीच शिकवलीत. शेतातल्या बांधावर मला उभी करून तुम्ही म्हणायचात, ‘समोरची ज्वारी म्हणजे माणसं समज आणि बोल. शेवटच्या कणसापर्यंत आवाज गेला पाहिजे.’ तो आवाज घेऊन मी जगाला सांगितलं की माणसानं माणसाला विटाळ मानू नये. मी ते खरं मानलं, कारण तुम्ही टाळी वाजवली होती. मग प्रीतम घरी आला तेव्हा तुम्हाला त्याची जात आधी दिसली आणि माणूस दिसलाच नाही. या गोष्टीची मी माफी मागणार नाही. आजही नाही. तुमच्या आजारपणापुढेही नाही. चूक तुमची होती.

पण चूक केलेला बापही बापच असतो, आणि मी तुमच्याकडे न्याय मागत नाही, एक शब्द मागते. तोही नाही, जीभ नसेल तर मान हलवा. डाव्या हाताचं बोट उचला. डोळे मिटा आणि उघडा. बायनाआत्या बघतील आणि कळवतील. ‘सुटली’ एवढंच. आईला तेवढं पुरतं. तिनं तीन वर्षं तुमचा जीव आपल्या पावलांत सांभाळला आहे. आता तिचे पाय मोकळे करा.

तुमची
शिवकन्या

*

सोनपेठ
१३ फेब्रुवारी

शिवकन्या,

तुझ्या आत्याचा आशीर्वाद. फोनवर टाइप करायलेय, चुका होतील.

आज सकाळी तुझ्या घरी गेले. सटवाजीराव ओसरीवर होते. म्हणले, ‘काय आणलंय?’ मी म्हणलं, ‘लेकीचा निरोप बापाला.’ ते म्हणले, ‘ह्या घरात लेक न्हाई.’ मी म्हणलं, ‘मग तुमी कान झाका, मी बापाच्या कानात वाचते.’ अंगणवाडीत तीस लेकरं सांभाळते, एका सटवाजीला काय भ्यायचं?

आप्पाराव दादांच्या उशाशी बसून मी सगळं वाचलं. ज्वारीचं वाचलं तेव्हा त्यांच्या डोळ्यातून पाणी आलं, उशीवर गेलं. मी थांबले, तोंड पुसलं, परत वाचलं. त्यांना सगळं कळत होतं, शिवे. डोळे माझ्या तोंडावरून हलत नव्हते. शेवटी मी म्हणलं, ‘दादा, केशरवहिनी जिन्याखाली उभी हाय. सुटली म्हणा. बोट हलवा. मी तुमचं बोट बघायलेय.’

लय वेळ गेला. बोट हललं न्हाई. मग त्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं.

मी परत विचारलं. त्यांनी परत तोंड इकडं केलं न्हाई.

मला वाटलं खोटं लिहावं. बोट हललं म्हणून लिहावं. कोण बघायला आलंय? पण तुझी आई माझ्यावर भरवसा ठेवून पत्रं धाडते-घेते. लबाडीची शपथ सोडवून तिला वर चढवलं आन पुढं काही झालं, तर मी कोणत्या तोंडानं तिच्यासमोर बसू? म्हणून जसं झालं तसं लिहिलं.

बायनाबाई

*

पुणे
१४ फेब्रुवारी

शिवे,

पास आज संपतो. बायका आज सोनपेठला पोचतील. कस्तुराबाई काहीतरी सांगंल, लोक काहीतरी ऐकतील.

बायनाबाईचा निरोप जावयानं मला बसमध्ये वाचून दाखवला. शेवट आला तसा अडखळला. त्याला तिथं काहीतरी बरं घालून वाचायचं होतं, पण त्या माणसाला खोटं वाचता येत न्हाई. मीच म्हणलं, ‘जसं हाय तसं वाचा, प्रीतमराव.’ पहिल्यांदा नाव घेतलं त्याचं. मग तो दांडी सोडून माझ्या शेजारी बसला.

मला वाटलं होतं ते हो म्हणतील. तू त्यांना लिहिलंस हे कळल्यापासून मी त्या एका होकाराच्या भरवशावर बसमध्ये बसले. बाई, चाळीस वर्षांत मी त्यांना काही मागितलं न्हाई. ह्या वेळी तू मागितलंस, माझ्यासाठी. त्यांना ऐकू आलं, कळलं, रडू पण आलं. तरी तोंड फिरवलं. म्हणजे जीभ असती तरी ते सुटली म्हणले नसते. हे मला आज कळलं. मी उगाच लकव्याला बोल लावत होते.

मग मी दुपारभर विचार केला. तुला वाटंल मला पटलं, शपथ म्हणजे नुसता शब्द. न्हाई पटलं. मला अजून ती खरीच वाटती. उद्या तुझ्या आबांना काही झालं तर गाव माझ्याकडं बोट दाखवंल. गाव विसरलं तरी मी स्वतःकडं बोट दाखवीन, मरेपर्यंत. हे सगळं मला ठाऊक हाय. शपथ खोटी हाय म्हणून मी मोडत न्हाई. खरी हाय, तरी मोडायलेय. त्यांनी मला दोन जिवांत निवडायला लावलं, आन मी निवडलं. आता त्याचं जे काही येईल ते माझ्या अंगावर येऊ दे, तुझ्या न्हाई, लेकराच्या न्हाई.

सोनपेठला मी परत जाईन. ते माझं घर हाय, आन ते पडून हायेत. पण तू बाळंत झाल्यावर. तोवर सटवाजी भायांना काय म्हणायचंय ते म्हणू दे. बायनाबाईला मी सांगितलंय, आबांना रोज दुपारी कुशीवर वळव आन पाठीला तेल लाव, पाठ सोलून निघती.

मी खाली फाटकाशी हाय. हे पत्र जावयाच्या हाती पुढं धाडते. तसंच वर आले असते, पण मला दारात बघून तू खाटेवरून उठशील. मला तुझा स्वभाव ठाऊक हाय. म्हणून आधी कळवायलेय.

मी जिना चढायलेय. तीन मजले हायेत, मला वेळ लागंल. दार जावई उघडंल.

शिवे, तू उठू नकोस.

आई